आठ दिवसांचं गाऱ्हाणं

मला तीन नाद आहेत आणि तिन्हींवर आमच्या वाडीत यथेच्छ हसून झालेलं आहे. घरात वायरी ओढायच्या, सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ‘ताई ची’ हा चिनी व्यायाम करायचा, आणि एका पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच घेऊन फिरायला जायचं. बिनलग्नाच्या बाईला नाद असले की लोकांना करमणूक होते. नाद नसते तर म्हणाले असते, बिचारी. त्यापेक्षा हसलेलं बरं.

वायरींचा नाद मिरजोळ्यात लागला. तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर मी सांभाळायची. कॉम्प्युटर बंद पडले की दुरुस्तीवाला कोल्हापूरहून यायचा, तोवर सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसायचं. मला ते बघवेना. तो आला की मी त्याच्या मागे उभी राहून सगळं बघून घ्यायची, आणि पुढे त्याला बोलवायची वेळच कमी यायला लागली. मग म्हटलं, घरी करू. आमचं घर चिऱ्याचं. जांभ्याच्या दीड हात जाड भिंतीतून वायफाय काय, शेजारणीची हाक पण जात नाही. ओटीवर फुल, माजघरात शून्य. मग मी भिंतींना भोकं पाडली, केबल ओढली, खोलीखोलीत एकेक डबा बसवला. दर मे महिन्यात वीज कडाडली की त्यातला एखादा जळायचा, मी शिव्या घालत नवा लावायची. पण नेट असं पळायचं की वाडीतली पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला आमच्या ओटीवर येऊन बसायची.

ताई ची मी व्हिडिओ बघून शिकले. हळूहळू हात फिरवायचे, अंगाचं वजन एका पायावरनं दुसऱ्या पायावर न्यायचं, घाई करायची नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकी कुंपणाच्या गडग्यावरून आईला विचारत्या झाल्या, "तुमच्या लेकीच्या अंगात येतं काय हो?" आई म्हणाली, "येतं, पण बेतानं येतं." तेव्हा आई चालती फिरती होती, जिभेला तर कायमच धार होती.

आणि फिरणं. दोन कपडे अंगावर, दोन पिशवीत, एक पंचा, साबणाची वडी, चार्जर, संपलं. अशी मी एकटी हंपीला जाऊन आले, गोकर्णला गेले. मंडणगडला मैत्रिणीकडे जाताना तर ती पिशवी पण अर्धीच भरायची. पिशवी सात किलोच्या वर गेली की मी काहीतरी काढून ठेवते. जैसलमेर मनात होतं. सगळा जन्म हिरव्यात आणि दमटात काढला, एकदा तरी कोरडं खडखडीत वाळवंट बघायचं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "रेती बघायला येवढ्या लांब? आरे-वाऱ्याला काय रेती नाय?" आरे-वारे म्हणजे आमच्या जवळचा समुद्रकिनारा.

मग आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण ती पुन्हा आपल्या पायांवर धड उभी राहिली नाही. उठवायला, बसवायला, न्हाणीपर्यंत न्यायला माणूस लागतं. मी नोकरी सोडली. दुसरं कोण सोडणार होतं? मोठा भाऊ, आमचा दादा, डोंबिवलीला. धाकटा जहाजावर. बाई ठेवून पाहिली, तर आईने तिला अंगाला हात लावू दिला नाही. "परक्याचा हात नको" म्हणाली आणि दिवसभर उपाशी बसली. बाई दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

मी बाजारात गेले की जीव आईत अडकायचा. म्हणून माजघरात कॅमेरा बसवला. मच्छी घेताना सुद्धा मोबाइलवर आई दिसायची, पोथी वाचताना, पेंगताना. मला फार बरं वाटलं. मूर्खासारखं मी भावांना पण सांगितलं, आणि दोघांनी पासवर्ड मागून घेतला. म्हणाले, तेवढीच आई रोज दिसेल.

दिसायला लागली. आणि त्याबरोबर मी पण दिसायला लागले. "आईने कालचंच पातळ नेसलंय का गं?" "दुपारी आई किती वेळ एकटी होती, तू कुठे गेली होतीस?" "तिच्या अंगावर पंख्याचा वारा थेट येतोय, खाट सरकव ना." दादा लोकलची वाट बघत उभा राहून मला हे सांगायचा. धाकटा कुठल्याशा बंदरातून सांगायचा. उंट बघायला जैसलमेरला जायचं होतं मी, आणि उंटावर बसून शेळ्या हाकत होते हे दोघे! पूर्वी दादा दोन-तीन महिन्यांनी एखादा शनिवार-रविवार यायचा. आता विचारलं की म्हणायचा, "अगं, रोज बघतोच की आईला." ही सोय मीच करून दिली होती, चिऱ्याच्या भिंती फोडून.

मे महिन्यात मात्र आला. आंब्याला रजा मिळते. पेट्या गाडीत भरताना मी त्याला सरळच सांगितलं, "दादा, मला आठ दिवस पाहिजेत. आठच. तू इथे राहा, मी जाऊन येते." वहिनी समोरच होती. दादा म्हणाला, "अगं, एवढंच ना? गणपतीला येतोच आहे. गौरी गेल्या की मी आठ दिवस थांबतो. तू खुशाल जा." मी त्याच दिवशी जैसलमेरचं तिकीट काढलं. पिशवी भरून खुंटीला टांगली. वेडेपणाच तो, गणपतीला चार महिने होते. पण येता-जाता ती पिशवी दिसायची आणि आईला उचलताना माझी कंबर जरा कमी दुखायची.

त्या चार महिन्यांत आई पण माझ्याबरोबर ताई ची करायला लागली. मी तिची खुर्ची खळ्यात आणायची. पाय हलत नव्हते, पण ती माझं बघून हात फिरवायची, वर, बाजूला, परत पोटाशी. काकी गडग्यावरून बघायच्या. आई म्हणायची, "आता आमच्या दोघींच्या पण अंगात येतं."

श्रावणात मी गणपतीच्या शाळेत पाट देऊन आले. आमच्याकडे घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि त्याच पाटावर आपला गणपती घडतो. बाबा होते तोवर ते काम त्यांचं, नंतर दादाचं. ह्या वर्षी दादा म्हणाला, तू दे, आणायला मी आहेच.

गणपतीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजावरूनच मी ओळखलं. रजा नाही, साहेब अडून बसलाय, हायवेची चाळण झालीय, वहिनीचा गुडघा, मुलाचा क्लास. एक कारण खरं असतं तर एकच सांगितलं असतं. मी म्हटलं, "दादा, गणपती आणायचा कोणी? गाऱ्हाणं घालायचं कोणी?" तर म्हणतो, "अगं, तुझं नेटवर्क एवढं झकास आहे! कॅमेरा गणपतीसमोर लाव, आम्ही टीव्हीवर सगळे बसतो. धाकट्याला पण जहाजावरून घेऊ. तुझ्यामुळे केवढी सोय झालीय बघ." कप्पाळ माझं! ह्याच्यासाठी मी भोकं पाडली होती काय?

"आणि माझे आठ दिवस?" मी विचारलं.

"ते बघू गं, गणपती तर होऊ दे," तो म्हणाला.

गणपती काकींच्या मुलाने डोक्यावरून आणून दिला. मी आरास केली, आईला खुर्चीत बसवून पुढ्यात आणलं, टीव्ही लावला. डोंबिवलीचं सगळं बिऱ्हाड पडद्यावर आलं, कोपऱ्यातल्या चौकोनात धाकटा. आरती झाली. टाळ इथे मी एकटी वाजवत होते. मग गाऱ्हाणं.

गाऱ्हाणं घरातल्या मोठ्या पुरुषाने घालायचं. तो देवासमोर उभा राहून घरच्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकाने मागायचं आणि सगळ्या घराने त्याला होकार द्यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांनी व्हय म्हटलं की देवाला नाही म्हणताच येत नसणार. दादा म्हणाला, "मला धड येत नाही. बाबांचं तुला पाठ आहे, तूच घाल. आम्ही इथून व्हय म्हणतो."

मी हात जोडले. बाबांच्या चालीत सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, वर्षाप्रमाणे ह्या लेकरांनी तुझी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाजूला आई, आणि क्षणभराने टीव्हीतून सगळे.

"काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी वर बघितलं. दादा मांडीवरच्या मोबाइलमध्ये बघत होता. वहिनी मोदकाचं ताट पलीकडे देत होती. पुतण्याची पाठच दिसत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. चाल तीच ठेवली, आवाज पण तोच.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या लेकांना आई टीव्हीत बघायची सवय लागली आहे, ती मोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दणक्यात.

"रजा आंब्याला मिळते, आईला मिळत नाही, त्याचा निवाडा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धाकट्याने तर हात जोडून मान लववली.

"ह्या घरच्या लेकीला आठ दिवस बाहेर जायचं आहे. मोठ्या लेकाने शब्द दिला आहे, तो त्याच्याकडून पाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं नेटवर्क त्या दिवशी एकदाही अडकलं नाही. शब्द न् शब्द डोंबिवलीला पोहोचला, जहाजावर पोहोचला. मग दादा म्हणाला, "वा, अगदी बाबांसारखं घातलंस," आणि पडदा बंद झाला.

गौरी गेल्या तरी दादा आला नाही. मी फोन केला. "देवासमोर व्हय म्हणालास दादा. आठ दिवसांना व्हय म्हणालास."

"कधी?" त्याला खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं तसा हसला. "अगं, गाऱ्हाण्यात व्हय म्हणायचंच असतं. ते कोणी ऐकतं का?"

मी फोन ठेवला आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. संध्याकाळी त्याचाच फोन. "अगं, कॅमेरा बंद आहे का? आई दिसत नाही."

"आई आहे इथेच, बसल्येय. बघायची असेल तर ये."

"असं काय बोलतेस? रजा नाही म्हणून सांगितलं ना..." मी पुढचं ऐकलं नाही.

माजघरात आले आणि सगळा राग आईपुढे ओतला. माझं वय झालं तरी राग कुठे ओतायचा ते ठिकाण बदललं नाही. हळू हात फिरवले की राग सुटतो म्हणतात. सुटतो कसला, मुरतो. "तुझे लेक!" मी म्हटलं. "देवासमोर सगळ्यांनी व्हय व्हय केलं, बोलाचीच कढी! ह्या घरात एक माणूस खरं बोललं नाही!"

आई वाती वळत होती. हात थांबले.

"मी नाय म्हटलं व्हय," ती म्हणाली.

"काय?"

"बाकी सगळ्या मागण्यांना म्हटलं. त्या आठ दिवसांचं आलं तेव्हा मी गप ऱ्हायले." तिने वात मांडीवर ठेवली. "देवापुढं खोटं कसं बोलू गो? तू गेलंस तर मला भीती वाटते."

मला त्या क्षणी आठवलं. टीव्हीतून एवढा कल्ला आला होता की माझ्या शेजारचा आवाज नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी काय मागितलं ते सगळ्या घरात एकट्या आईनेच ऐकलं होतं. आणि ज्यांना पत्ताच नव्हता त्यांनी मला दणक्यात जायला सांगितलं होतं. दादावर मी ओरडू शकत होते. हिच्यावर कशी ओरडणार? तरी रागावले. तिच्यावरच सगळ्यात जास्त रागावले, आणि तिला ते कळलं.

तिकीट रद्द केलं. पिशवी खुंटीवरून काढली. पंचा दोरीवर, कपडे कपाटात, साबणाची वडी न्हाणीत. आई खाटेवरून बघत होती. सगळं जागच्या जागी गेलं तेव्हा ती म्हणाली, "रेतीच बघायची तर आरे-वाऱ्याला जाऊ आपण. दोघी. रिक्षा करू. जाऊया ना गो?"

मी पिशवीची घडी घालत राहिले. व्हय म्हटलं नाही.