जोडलेले हात

नवरा गेल्यापासून टेलरकाकूंनी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण लेकीच्या अंगावर कधी दुसऱ्याचा जुना कपडा चढू दिला नाही. लेक नववीत गेली तेव्हा त्यांनी उरलेल्या तुकड्यांचा असा काही फ्रॉक शिवला की बघत राहावं! तिला तो घालून उभं केलं, फोटो काढला आणि दुकानाच्या फेसबुक पेजवर टाकला.

"आई, नको ना टाकूस."

"गप गं, लाजतेस काय मेली!"

दुपारपर्यंत फोटोखाली हसऱ्या चेहऱ्यांची रीघ लागली. एवढी माणसं खुश झाली म्हणून काकू हरखून गेल्या. कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी एकेकाला जोडलेले हात पाठवले.

त्यानंतर लेकीचं अन्न तुटलं. शाळेचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. वयच तसं, असं म्हणून काकू पुन्हा मशीनवर बसायच्या. एक दिवस तिने युनिफॉर्म पुढ्यात टाकला.

"सैल कर. अजून सैल कर."

"अगं, पोतं शिवू का तुला?" काकू हसल्या.

पोर हमसून हमसून रडायला लागली. "तूही पोतंच म्हण! फोटोखालचे ते लोक खुश नव्हते गं आई. वर्गातली पोरं होती ती, मला हसत होती. चिंध्यांचं पोतं म्हणतात मला."

काकूंनी चष्मा चढवून फोन उघडला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, आणि त्या प्रत्येकापुढे त्या स्वतः हात जोडून उभ्या होत्या.