हक्कसोडीची साडी

मंगळवार, ९ डिसेंबर. भोर, दस्त नोंदणीच्या कचेरीबाहेरचा बाक. हजर: दादा, वहिनी, दादाचे वकील, मी. गैरहजर: आई. गुडघ्यांमुळे ती गावी, हिर्डोशीलाच थांबली होती. तिचा निरोप तेवढा हजर होता: "भांडू नको."

परराष्ट्र सेवेत प्रत्येक बैठकीची नोंद मी अशीच करायचे. राजदूत झाले, मुदतीआधी निवृत्ती घेतली, सवय सुटली नाही.

दादानं "थोडं काम हाय" म्हणून बोलावलं होतं. काम म्हणजे हक्कसोड. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा त्याच्या नावे सोडायचा. दस्त तयार, वकील तयार, चहा सांगितलेला. वहिनींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत साडी. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडला की भाऊ तिला साडी देतो. साडी आली होती. मला विचारायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं. झऱ्याकडचं भाताचं खाचर मला हवंय, तिथं दोन खोल्या बांधून राहायचंय, हे मी दिवाळीतच दादाला सांगितलं होतं.

"दस्त वाचून दाखवा," मी वकिलांना म्हणाले.

"मॅडम, नेहमीचाच मजकूर आहे."

"तुमच्या नेहमीचा. माझा पहिलाच."

दादा हसला. "अगं, सगळं जग फिरलीस. तुला काय कमी हाय? खाचरात काय झेंडा लावणार?"

माझं डोकं फिरलं. एका नदीच्या पाण्यासाठी दोन देशांची माणसं मी एका टेबलाशी बसवली होती. तिथं 'तुम्हाला काय कमी' म्हणून कुणी कुणाला गप्प केलं नव्हतं. आणि हाच दादा दर कचेरीत 'बहीण राजदूत हाय' सांगून कामं काढून घ्यायचा. तेव्हा मी घरची होते. खाचर मागितलं तशी परकी झाले.

"सही करणार नाही. मोजणी करून घेऊ."

"मग माहेर तुटलं म्हण," दादा म्हणाला आणि मोटरसायकल काढून निघून गेला. त्याचा चहा वकिलांनी प्यायला.

वहिनींना मी गाडीनं हिर्डोशीला नेलं. पिशवी मांडीवरच होती. घाटाकडच्या रस्त्याला लागल्यावर त्या बोलल्या, "वन्सं, म्या माह्यारी, येल्ह्यात सही केली तवा साडीचा रंगबी कुणी इचारला न्हाई."

"आणि जमीन?"

"रस्त्याकडची हुती. आता तितं भावाचं हाटेल हाय. लई चालतं म्हनं. म्या अजून तितं चहाबी प्याले न्हाई."

कचेरीत आला नव्हता एवढा राग मला त्या वळणावर आला.

आईला सगळं मीच सांगणार होते. पण वहिनींना उतरवलं तेव्हा अंगणात दादाची मोटरसायकल उभी होती आणि आतून त्याचा चढलेला आवाज येत होता. माझ्या तोंडातून काय निघेल याचा भरवसा नव्हता. मी गाडी वळवली.

मोजणीचा अर्ज दुसऱ्या दिवशी देऊन झाला. आईसमोर बसून तिला सांगायचं अजून राहिलंय.