शेवटच्या पत्त्यापर्यंत

रेणू इनामदारला लोकांच्या उपयोगी पडायची भारी हौस. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी नवं मराठी पोरगं पीएचडीला आलं, की त्याचं रविवारचं जेवण तिच्याकडे ठरलेलंच. त्यातलाच एक नागपूरचा एकनाथ. २००५च्या उन्हाळ्यात त्याच्या लॅबला व्यसनांत, उतावळेपणात अडकलेल्या मुलांशी तुलना करायला साधीसरळ मुलं हवी होती. "काकू, आहे का कुणी ओळखीत?" त्यानं विचारलं.

"अरे, घरातच आहे की!" रेणूनं लेकीचं नाव देऊनही टाकलं. पंधरा वर्षांची अदिती. हुशार, शांत, शाळेतून आली की कॉम्प्युटरसमोरून हलायची नाही. कसलासा गेम खेळते म्हणे. खेळू दे बापडी, बाहेर उंडारत तर नाही ना!

लॅबमधलं काम सोपं होतं. स्क्रीनवर शंभर पत्ते, एकेक उघडायचा. चित्र आलं तर पॉइंट मिळणार, आकडा आला तर जाणार. वाटेल तेव्हा थांबायची मुभा. सुरुवातीला चित्रंच चित्रं, मग आकड्यांवर आकडे. रेणू काचेपलीकडून बघत होती. अदितीनं सगळेच्या सगळे पत्ते उघडले आणि मिळालेले पॉइंट घालवून बसली.

"बघ, अर्ध्यावर सोडलं नाही पोरीनं!" रेणू खुशीत म्हणाली. "बाकीच्यांनी किती उघडले रे?"

एकनाथनं कागदात डोकं घातलं. "बहुतेक जण हरायला लागले की थांबतात, काकू."

"मग? ही पहिली आली का?"

"यात पहिलं-दुसरं नसतं. आणि एवढ्यावरून काही ठरतही नाही." त्यानं घाईघाईनं कागद फायलीत सारले.

काही ठरत नाही, तर याचं तोंड का उतरलं? रेणूचं डोकंच चालेना. हातात घेतलं की तडीस न्यायचं, हे पोरीला तिनंच शिकवलेलं. आणि आता हा शहाणा म्हणतो, थांबतात! तिला राग आला, भीतीही वाटली. राग नेमका कुणाचा, तेही धड कळेना.

बसस्टॉपवर तिनं विचारलंच, "हरतेयस हे कळत नव्हतं का गं?"

"ऑफ कोर्स कळत होतं." अदिती बुटांकडे बघत होती. "पण पुढचा चांगला निघेल, असंच वाटत राहतं. घरीही तेच. गेममध्ये आता मजासुद्धा येत नाही, आई. तरी थांबताच येत नाही."

रेणू तिच्याकडे वळली. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तू सगळ्यांना माझं कौतुक सांगत होतीस."