खिडकी नसलेला दवाखाना

पौषातला रविवार, दुपारी तीनची वेळ. जागा: झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचं मागचं अंगण. हजर: निवृत्त ड्रायव्हर सावंत आणि सावंतवहिनी, रेल्वेच्या शाळेतल्या जोशीबाई, बबीन्याच्या छावणीतून स्कूटरवर आलेलं एक तरुण लष्करी जोडपं, आणि सेक्रेटरी या नात्याने मी, त्याच शाळेतली शिक्षिका. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत, गार्डकाका. ते झोपलेले होते. डोळे उघडे, मान ताठ, हात मांडीवर; पण झोपलेले. मी त्यांना हजर धरलं, कारण झोपेतही त्यांना सगळं ऐकू यायचं आणि जागं झाल्यावर ते नेमक्या जागी बोलायचे.

ही झोप त्यांनी नोकरीत कमावली होती. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्डच्या त्या हलणाऱ्या खोक्यात, अख्खं आयुष्य गेलं. तिथे खरं झोपून चालत नाही आणि सतत जागंही राहवत नाही. त्या दोन्हींच्या मधे एक जागा असते, असं ते म्हणायचे, आणि तिथली हवा फार छान असते. मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना मान म्हणून पहिल्या रांगेत बसवायला गेले, तर हात जोडून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, माझ्या मागे माणसं नकोत. माझ्या मागे फक्त रूळ पाहिजेत."

हात दाखवायची सवयही तिथलीच. गाडी निघाली की ड्रायव्हर पुढून हात दाखवतो, गार्ड मागून दाखवतो. दोघांचे हात दिसले म्हणजे सगळं ठीक. निवृत्तीनंतर समोर गाडी उरली नाही, पण हात उरला. त्यांच्या घरून कोणीही निघालं की ते फाटकाशी उभे राहायचे, तो माणूस वळणापर्यंत पोहोचला की उजवा हात वर करून सावकाश इकडून तिकडे हलवायचे. इलाइट चौराह्यावरचे ऑटोवालेसुद्धा ओळखायला लागले होते. "गार्ड बाबू ने सिगनल दे दिया, अब चलो," असं म्हणून मगच ऑटो सुरू करायचे.

हिवाळ्यातल्या उन्हात ते स्वप्नं सांगत. माझ्या हातात कामांची यादी असायची, त्यात स्वप्नाला जागा नसायची. तरी मी उभी राहायची. बेतव्याच्या पुलावर पहाटे धुकं इतकं दाट असायचं की पुढचे डबे एकेक करून विरघळत जायचे आणि शेवटी फक्त त्यांचा डबा उरायचा, इंजिनाशिवाय, आपोआप पाण्यावरून चाललेला. त्या पुलावर त्यांना एक दवाखाना दिसायचा. लांबलचक पांढरी ओसरी, माणसं सावलीत बसलेली, कोणी कोणाला काही विचारत नाहीये. "आणि बाई, खिडकीच नाही. पैसे घ्यायची खिडकी बांधायला गवंडी विसरलाय."

"मग औषधं कुठून येतात, काका?" मी विचारायची.

"ते दिसायच्या आत पूल संपतो," ते म्हणायचे, अगदी प्रामाणिकपणे.

त्या वर्षी खिडकीचाच वाद गावात पेटला होता. सरकारी दवाखाने सुधारायचे ठरत होतं. संध्याकाळीही डॉक्टर बसणार, तपासण्यांची यंत्रं येणार, औषधं कायम मिळणार. त्याबदल्यात ज्यांच्याकडे गरिबीचं कार्ड नाही, त्यांनी दर खेपेला खिडकीवर फी भरायची. इलाइट चौराह्याच्या एका बाजूला याच्या समर्थनाचा फलक, दुसऱ्या बाजूला विरोधाचं धरणं. सदर बाज़ारच्या चहावाल्याने कंटाळून सांगून टाकलं होतं की फीवर बोलायचं असेल तर आधी चहा सांगा. गंमत अशी, की आमच्यापैकी कोणाचंच यात काही जात नव्हतं. आम्हाला रेल्वेचा दवाखाना, बबीनावाल्यांना लष्कराचा. त्यामुळे मतं मात्र प्रत्येकाकडे भरपूर होती.

सुनावणी ठेवली होती. प्रत्येक संस्थेने यावं आणि आपलं म्हणणं मांडावं, असं बोलावणं आलं होतं. मंडळाचं म्हणणं काय, ते ठरवायला ही रविवारची बैठक.

"फुकट मिळालेल्या गोळ्या लोक फेकून देतात," सावंत म्हणाले. "दोन पैसे गेले की किंमत कळते."

"तुम्हाला रेल्वेच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या कुठे फेकता?" सावंतवहिनींनी विचारलं.

"तू मधे बोलू नकोस."

"मधे कुठे? मी तुमच्या शेजारीच बसलेय."

मी फीच्या बाजूने होते आणि तसं सांगितलंही. रिकाम्या कपाटाच्या दवाखान्यात माझ्या घरी काम करणाऱ्या बाईंबरोबर मी गेले होते. डॉक्टरने चिठ्ठी फुकट लिहून दिली आणि औषध बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितलं. ते फुकट तिला फार महाग पडलं होतं. ज्याला झेपतं त्याने द्यावं, म्हणजे कपाट भरेल.

मागून आवाज आला. "झेपतं हे ठरवणार कोण?"

गार्डकाका जागे झाले होते. "गाडी नीट आली का, हे इंजिन बघून कळत नाही. इंजिन येतंच. शेवटचा डबा आला का, ते बघायचं असतं. तो मधेच सुटून राहिला असेल तर पुढच्या स्टेशनात कितीही बँड वाजवा, गाडी आलेली नसते."

सावंत हसले. "झालं. आता हे पुलावर जाणार."

पण त्या दिवशी ते पुलावर गेले नाहीत. त्यांचं खरं कारण बरुआसागरला होतं आणि ते मला माहीत होतं.

बरुआसागरला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. तलावाकाठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या एका मराठी घरात दिलेली. नवरा गेला, मूल नव्हतं. सातबारा म्हणावा असा एक कागद तिच्या नावावर होता, आणि त्या कागदावरची जमीन वर्षातले बरेच महिने तलावाखाली असायची. पण कागदावर जमीन म्हणजे गरिबीचं कार्ड नाही. अक्काला साखरेचा आजार होता. दर गुरुवारी ती तिथल्या छोट्या सरकारी दवाखान्यात जायची, कारण तिथे काही द्यावं लागत नसे. भावाकडून भाऊबीजेच्या ओवाळणीखेरीज काही घ्यायचं नाही, असा तिचा नेम होता. लग्न होऊन त्या घरी गेली तेव्हापासूनचा. गार्डकाकांनी एकदा स्वेटर पाठवलं, ते तिने पुढच्या बसने परत पाठवलं; सोबत वर तिथल्या मातीतलं पोतंभर आलं. म्हणून काकांना धास्ती एवढीच होती: फी लागली की अक्का दवाखान्यात जाणं सोडेल, आपल्याला पैसे देऊ देणार नाही, आणि हसत हसत मरेल.

बैठकीत शेवटी एकमत झालं नाही. प्रत्येकाने आपापला हात वापरावा, असं ठरलं. तरी बाहेर पडताना दोघा-तिघांनी मला हळूच सांगितलं, गार्डकाका करतील तसं करू. त्यांनी इतकी वर्षं सांभाळून आणलंय.

सुनावणी सदर बाज़ारजवळच्या एका सभागृहात झाली. ऊन खिडक्यांतून तिरपं येत होतं, पंखे बंद, भाषणं लांब. धरणंवाले ओरडून बोलले, व्यापारी मोजून बोलले. गार्डकाकांचं नाव बोलणाऱ्यांत होतं, पण ते शेवटी. ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ. सावंत पहिल्या रांगेत. माझी जागा मधे, त्यामुळे मला दोघंही दिसत होते. भाषणं लांबत गेली, सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उरलेल्यांना न बोलावताच सांगितलं, "जिन्हें शुल्क पर ऐतराज़ न हो, हाथ उठा दें."

नेमकी तेव्हाच स्टेशनाकडून एका इंजिनाची लांब शिट्टी आली. पुढे सावंतांनी हात वर केला; आपल्या मतासाठी, पण सवयीने इंजिनातून बाहेर काढावा तसा थोडा बाजूला. आणि मागे गार्डकाकांचे उघडे डोळे त्या हातावर स्थिर झाले. कित्येक वर्षं सावंतांच्याच गाडीमागे त्यांचा डबा होता. शिट्टी झाली, ड्रायव्हरचा हात दिसला. त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि इकडून तिकडे हलला. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू धुक्यातून पूर्ण गाडी सुखरूप पार झाली.

त्यांच्याकडे बघत बसलेल्यांनी तो हात पाहिला. काकांचं मन वळलं, असं त्यांना वाटलं. एकामागून एक आमच्या अख्ख्या बाजूचे हात वर झाले.

"धन्यवाद," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

काकांना जाग आली ती टाळ्यांनी. "झालं का? मला कधी बोलायचंय?" त्यांनी विचारलं. मी काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले, परक्याच्या हाताकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत गेलो. तिथले बाबू सज्जन होते. "चाचाजी, हाथ तो आपने ही उठाया था."

"उठाया था. पर वो राय नहीं थी, सिगनल था."

"तो सिगनल किस बात का था?"

"कि सब ठीक है।"

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. यात दुरुस्ती कशी लिहायची, ते मलाही सुचेना. परतताना काका एवढंच म्हणाले, "गेलेली गाडी आहे. आता तिला पुढचं स्टेशनच थांबवेल."

फी लागू झाली. आमच्या हातांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. ती बहुधा आधीच ठरलेली असावी. पण काकांनी ते कधी मान्य केलं नाही. त्यांनी एकच केलं. दर गुरुवारी सकाळच्या बसने बरुआसागरला जायला लागले. अक्काला सांगितलं, घरी करमत नाही, तुझ्याबरोबर दवाखान्यात बसत जाईन. तिला ओसरीत बसवायचे, आणि परचा, म्हणजे नावाची चिठ्ठी, आणायला म्हणून स्वतः रांगेत उभे राहायचे.

एकदा मीही बरोबर गेले. खिडकीशी पोहोचल्यावर त्यांनी नोट पुढे केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दे रहा हूँ, पर मानता नहीं।"

आतल्या माणसाला हे दर आठवड्याचं असावं. "मत मानिए चाचा, छुट्टा दीजिए।"

रांगेतले लोक हसले. ओसरीत अक्काने विचारलं, "काय हसतायत रे?" काका म्हणाले, "माझं नाव विचारलं आणि मी विसरलो." ती भावाला नीट ओळखून होती, त्यामुळे तिला ते पटलं. तिने माझ्या गालाला हात लावून "ही मोडी कोणाची?" म्हणून विचारलं. त्या भागात मुलीला मोडी म्हणतात, आणि मला मुलगी म्हणणारं तेव्हा दुसरं कोणी उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तलाव बराच वेळ बरोबर चालला. पाण्यात काठावरचा किल्ला उलटा दिसत होता. मी म्हटलं, "काका, एक मान्य करा. कपाटं भरलीयत. अक्कांना आता गोळ्या तिथेच मिळतात."

"मिळतात. चांगलं झालं. तुमचं बरोबर होतं."

"मग?"

"मी यायला लागलो तेव्हा पहिले काही गुरुवार रांगेच्या शेवटी एक बाई असायची. बांगड्या विकायची. खोकायची. तिचंही कार्ड नव्हतं." ते काचेबाहेर, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. "ती आता नसते. बरी झाली असेल, असं तुम्ही म्हणाल."

थोड्या वेळाने पाहिलं तर ते झोपले होते, डोळे उघडे. झोपेतच म्हणाले, "अक्काला बोलू नका."

ते गेले ते असेच उन्हात, खुर्चीत. सुनेला शंका आली, कारण त्या दिवशी डोळे मिटलेले होते. स्मशानाकडे निघताना फाटकाशी सावंत उभे होते. त्यांनी हात वर केला आणि पलीकडून उत्तर यायची वाट बघावी तसा बराच वेळ तो खाली घेतला नाही. मग वहिनींनीच तो धरून खाली आणला.

तेराव्याला अक्का आली होती. रडली नाही. सगळ्यांची ताटं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "इतके गुरुवार तो माझ्यापायी हेलपाटे घालत होता. आता मी एकटीच जाईन गं. रांगेत उभं राहायचं, नाव सांगायचं, परचा घ्यायचा. एवढंच ना?"

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

"तू कशाला? तुला कामं थोडी आहेत का? आणि तिथे काही द्यायचं-घ्यायचं तर नसतंच."

मी तेव्हा सांगू शकले असते. पण तिच्या हातात भावाच्या श्राद्धाचा लाडू होता. त्यानंतरचे दोन गुरुवार पाय सुजला म्हणून ती गेली नाही, असा निरोप आला. येत्या गुरुवारी जाणार आहे. सांगितलं तर ती दवाखाना सोडेल, आणि भावाने नेम मोडायला लावला म्हणून आयुष्यभर त्याच्यावर रुसेल. न सांगता मी रांगेत उभी राहू म्हटलं तर माझ्याकडून काही घ्यायला मी तिची कोण? आणि ती एकटी गेली तर खिडकीतला माणूस सांगेलच.

पहिली बस सकाळी सुटते. तिने घर सोडण्याआधी तिला गाठायचं, इथपर्यंत माझं ठरलं आहे. डबा करायचा आहे, सुटे पैसे काढून ठेवले आहेत, शाळेत रजा कळवली आहे. अक्काला काय सांगायचं, ते तेवढं राहिलं आहे.