हमिंगबर्डच्या चोचीपाशी पिवळं जॅकेट

मी जर्मनीत डार्मश्टाटमध्ये मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करतो. मोजता न आलेली गोष्ट आमच्याकडे नोंदवत नाहीत. लोकांचे गूढ अनुभव आजवर मी फक्त त्यातल्या चुका काढायला वाचत आलो... आता स्वतःच लिहितोय.

ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी बायको सुनीता पेरूला गेलो होतो. नाझ्काच्या वाळवंटात जमिनीवर कोरलेल्या प्रचंड प्राचीन आकृत्या आहेत. त्या विमानातूनच नीट दिसतात. तिथे पायी फिरायला बंदी आहे. आधीच्या फेरीतले लोक ओकत उतरले, ते पाहून सुनीताने ऐनवेळी माघार घेतली. ती विमानतळावर थांबली, मी एकटा गेलो. १०.४२ला उड्डाण, १०.५६ला हमिंगबर्डच्या आकृतीचा फोटो.

घरी आल्यावर तो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. हमिंगबर्डच्या चोचीपाशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. पिवळं जॅकेट, उजव्या खांद्यावर निळं ठिगळ. ते ठिगळ सुनीताने स्वतः लावलेलं.

आधी वाटलं, मुलीने गंमत केली असेल. परीक्षेमुळे ती घरीच राहिली होती आणि लॅपटॉप तीही वापरते. "नाइन, पापा," एवढंच जर्मनमध्ये 'नाही' म्हणून ती खोलीत गेली. मग राहिली सुनीता. विमानतळापासून चोचीपर्यंत वीस-एक किलोमीटर, उड्डाणापासून फोटोपर्यंत चौदा मिनिटं... गाडी असेल तर अगदीच अशक्य नाही. पण गाडी कोणाची? मी विचारलं नाही. ती अंघोळीला गेली की तिचा फोन तपासू लागलो. त्या तासात पावलं बावीस. तरी शंका जाईना — फोन बाकावर ठेवून गेली असेल तर?

अकराव्या दिवशी तिने मला फोनसकट पकडलं. मी फोटो दाखवला. तिने ठिगळ दिसेपर्यंत तो मोठा केला.

"जॅकेट माझंच आहे," ती म्हणाली. "पण वर गार लागेल म्हणून ते मी तुम्हाला दिलं होतं. वजनकाट्यावर चढलात तेव्हा तुमच्याच हातात होतं. अहो, तुम्ही शिंक आली तरी वहीत लिहिता. बघा ना."

तिथे उड्डाणाआधी प्रत्येक प्रवाशाचं वजन करतात. वहीत माझ्याच अक्षरात होतं: ७४.६ किलो, सुनीताच्या जॅकेटसह.

म्हणजे १०.५६ला ते माझ्या मांडीवर होतं. कॅमेऱ्यातली मूळ फाइल मी पुन्हा उघडली. चोचीपाशी कोणीतरी तसंच उभं आहे.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. सुनीताला ते नकोही आहे. अकरा दिवस तिच्यासमोर जेवायला बसून मी मनात काय काय धरून चाललो होतो, तेवढं तिला माझ्या तोंडून ऐकायचंय. रोज सांगायचं ठरवतो... अजून जमलेलं नाही.