ईएसआर रेंजमध्ये आला आणि मी पेढे वाटले

डॉक्टर मॅडमनी निदान सांगितलं तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. अर्धा वाटून झाला होता. वॉर्डातल्या सिस्टर, शेजारच्या कॉटवरच्या आजी, त्यांची सून, लिफ्टजवळचे वॉचमन, सगळ्यांना मी आग्रह करकरून देऊन आलो होतो. आता मॅडमपुढे पुडा धरून उभा होतो.

त्यांनी पेढा उचलला नाही. "कशाचे?" एवढंच विचारलं.

"ईएसआर नॉर्मल आला ना मॅडम! इतके दिवस शंभरच्या वर होता, आज एकदम रेंजमध्ये."

"तो आकडा बघूनच मी ओपीडी सोडून वर आले," त्या म्हणाल्या. "पुडा ठेवा बाजूला आणि बसा. वंदनाताईंना मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम झालाय, असं मला वाटतंय. औषध आत्ताच सुरू करायचंय. यात जिवाला धोका असतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण वेळेत पकडलं तर माणूस बरा होतो."

मला त्यातलं 'धोका' एवढंच ऐकू आलं. वंदना माझी बायको. पलीकडे कॉटवर ती डोळे मिटून पडली होती, आणि मी तिच्या उशाशी पेढे ठेवले होते.

मी नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, गेज नावाचं माप लावून बघायचा, मापात असला तर पास, नसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका देऊन स्क्रॅपच्या पेटीत टाकायचा, हे माझं निम्म्या आयुष्याचं काम. घरीही ते सुटत नाही. लग्न झाल्यापासून वंदना तव्यावरची पहिली पोळी उचलून मला दाखवते आणि म्हणते, "साहेब, पास का?" मी म्हणतो, "कड जाड आहे." मग ती पोळी ती मलाच वाढते.

त्यामुळे कुठलाही आकडा रेंजमध्ये दिसला की माझं डोकं आपोआप 'पास' म्हणतं. हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगतोय, की तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि तुम्ही रिपोर्टवरचा एकच आकडा तेवढा बघत असाल, तर माझ्यासारखं करू नका.

सुरुवात अगदी किरकोळ झाली होती. वंदना नाशिक रोडला, आमच्या घराजवळच, बालवाडीत शिकवते. पोरांमध्ये राहून घसा धरतोच, म्हणून आम्ही घसादुखीकडे लक्ष दिलं नाही. मग संध्याकाळी ताप यायला लागला. रोज ठरल्यासारखा दिवेलागणीला चढायचा आणि सकाळी उतरायचा. तापाबरोबर अंगावर फिकट गुलाबी पुरळ यायचं आणि तापाबरोबरच जायचं. सकाळी दवाखान्यात जावं तर अंग स्वच्छ. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी वंदनाकडे. ती म्हणायची, "अहो, मी काय खोटं बोलतेय का?"

शेवटी मी संध्याकाळी तिच्या हाताचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले. पुढे तेच कामाला आले. तुम्हीही काढा. येतं-जातं असं काहीही असेल, तर फोटो काढा.

टायफॉइड झाला, डेंग्यू झाला, चिकनगुनिया झाला, म्हणजे तपासण्या झाल्या. एकही निघाला नाही. मनगटं सुजली. एके दिवशी तिला डब्याचं झाकण उघडेना आणि ती ओट्यापाशी उभी राहून रडली. वंदना सहसा रडत नाही. त्या दिवशी मी सुट्टी टाकली.

माझ्या सासूबाई सटाण्याहून आल्या त्या गुळवेल घेऊनच. कोरोनापासून आपल्याकडे घराघरात 'इम्युनिटी' शब्द शिरलाय. सासूबाईंनाही तो चांगला पाठ झालेला. रोज सकाळ-संध्याकाळ काढा. "पी ले पोरी, ताकद येई." वंदना नाक दाबून प्यायची. मीही गुळवेल संपत आली की आणून द्यायचो, कारण अंगात ताकद नसल्यामुळेच ताप येतोय अशी माझीही समजूत होती.

अखेर संधिवाताच्या तज्ज्ञ असलेल्या मॅडमकडे आम्हाला पाठवलं गेलं. त्यांनी फोटो बघितले, मनगटं बघितली आणि एक नाव सांगितलं, ॲडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज. मोठ्या माणसांना होणारा, ताप, पुरळ आणि सांधेदुखी घेऊन येणारा आजार. यात जंतू नसतात. प्रतिकारशक्ती स्वतःच पेटते. खात्री करून घ्यायला त्यांनी वंदनाला ॲडमिट केलं, आणि तपासण्या चालू असतानाच तो पेढ्यांचा दिवस उगवला.

मॅडमनी मला त्यांच्या टेबलासमोर बसवलं आणि त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. ईएसआर खाली आला होता. पण प्लेटलेट्सही खाली आल्या होत्या, पांढऱ्या पेशीही, हिमोग्लोबिनही. लिव्हरचे आकडे वर. आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोखंडाची कोठी, ती तर इतकी वर की मला आधी टायपिंगची चूक वाटली.

"ईएसआर म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते," मॅडम म्हणाल्या. "त्या लवकर बसायला रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन लागतं. सूज असली की ते वाढतं आणि ईएसआर चढतो. इथे सूज कमी झालेली नाही. ते प्रथिनच संपत चाललंय. ताप उतरलाय का?"

ताप उतरला नव्हता. उलट आता दिवसभर राहत होता. मला ते माहीत होतं, तरी मी पेढे आणले होते.

आमच्या कारखान्यात एक साधा नियम आहे. रोज बाद होणारा जॉब काही न बदलता अचानक पास व्हायला लागला, तर आधी गेज तपासायचं. गेज झिजलं असणार. हा नियम मी नव्या पोरांना शिकवतो. बायकोच्या बाबतीत तो मला आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून तपासायला पाठवली. याला बोन मॅरो टेस्ट म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होतं, पण जागा बधिर करतात. वंदना म्हणाली, दाब जाणवला आणि क्षणभर कळ आली. बाहेर बाकावर बसलेले सासूबाई आणि मीच जास्त घामाघूम झालो होतो.

निदान पक्कं झालं, स्टिल्समधूनच उठलेला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम. मॅडमनी मोबाइलवर स्लाइडचा फोटो दाखवला. एक मोठी, ऐसपैस पेशी आणि तिच्या पोटात अख्ख्या तांबड्या पेशी.

"ही मॅक्रोफेज," त्या म्हणाल्या. "मराठीत भक्षक पेशी म्हणा. शरीरातली सफाई हिच्याकडे. म्हाताऱ्या झालेल्या पेशी, जंतू, मोडतोड, सगळं ही गिळते. पण सध्या तिला थांबा म्हणणारं कुणी नाही. धडधाकट पेशीही खातेय."

पण माझ्यातला इन्स्पेक्टर गप्प बसेना. मी विचारलं, "मॅडम, भंगार कुठलं आणि चांगलं कुठलं, हे तिला कळतं कसं?"

पहिल्यांदा त्या हसल्या. खुर्ची ओढून बसल्याच.

"तिच्या अंगावर बारीक बारीक पकडी असतात. त्यांना स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात. भंगार ओळखून उचलणारे हात समजा. कुणी खराब झालेलं कोलेस्टेरॉल उचलतो, कुणी जंतू, कुणी मेलेल्या पेशी. यातलाच एक सीडी वन सिक्स्टी थ्री. तांबडी पेशी फुटली की हिमोग्लोबिन सांडतं. मोकळं हिमोग्लोबिन किडनीला वाईट. हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि हा रिसेप्टर त्या दोघांना आत ओढून घेतो. वंदनाताईंच्या या पेशींवर तो भरपूर दिसतोय."

"म्हणजे हाच सगळं खातोय?"

"नाही हो. सगळे त्यालाच चोर ठरवतात. तो सांडलेलं पुसतोय. पुसता पुसता आग शांत करायचे निरोपही धाडतो. आग लावणारे निरोप वेगळे, सायटोकाइन्स. ते इतके झालेत की याचं ऐकायला कुणी नाही. आपण औषधाने तो आरडाओरडा बंद करायचा. मग याच पेशी नीट वागतील. त्या आपल्याच आहेत."

'त्या आपल्याच आहेत' हे वाक्य मी पुढचे कितीतरी दिवस मनात धरून होतो. वंदनाच्या अंगात कुणी शत्रू शिरलेला नव्हता.

सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मॅडमनी त्यांनाही जवळ बोलावलं. "आजी, पोरीची प्रतिकारशक्ती कमी नाहीये. फार झालीय, ब्रेक नसलेल्या गाडीसारखी. आजार काढ्याने झाला असं मी म्हणत नाही, पण ताकद वाढवणारं काही आता द्यायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मंग आते काय देऊ मी तिले?"

"वरणभात द्या. आणि डोक्यावरून हात फिरवा."

ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की शेवटी वंदनाच म्हणाली, "आई, केस जातील माझे."

सलाइनमधून स्टेरॉइडचे मोठे डोस पेढ्यांच्या दिवशीच सुरू झाले होते. आता वंदनाला आयसीयूत हलवलं आणि जोडीला सायक्लोस्पोरिन नावाचं, पेशींना आवर घालणारं औषध दिलं. ते पहिलं वाट बघणं सगळ्यात जड गेलं. मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचो. आत जायला मिळालं की वंदनाच्या हातावर सुईने झालेले निळे डाग बघायचो. मनात सारखं एकच यायचं. मी तो पेढ्यांचा पुडा घेऊन तिला घरी नेलं असतं तर? एकदा हे मी मॅडमना बोलून दाखवलं. "नेलं नाहीत ना?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. मला तेवढं पुरलं.

आधी ताप उतरला. मग प्लेटलेट्स हलल्या. फेरिटिन एखाद्या गावच्या पाहुण्यासारखं निघतो निघतो म्हणत बसलं होतं, तेही उतरायला लागलं. मजा म्हणजे या सगळ्यात ईएसआर परत वर गेला. मॅडम म्हणाल्या, "छान. प्रथिन परत तयार होतंय." मी या वेळी मिठाईच्या दुकानाकडे फिरकलो नाही.

घरी आलो तर लोखंडी तवा गायब. रक्तात लोखंड वाढलंय हे ऐकून सासूबाईंनी तो माळ्यावर टाकला होता. फेरिटिन तव्यामुळे वाढत नाही, हे त्यांना पटवायला वंदनाला संध्याकाळ लागली.

स्टेरॉइडने चेहरा गोल झाला. आरशात बघून ती म्हणायची, "तब्येत सुधारली म्हणतात ती हीच." औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे गर्दी बंद, बालवाडी बंद. याचाच तिला सगळ्यात त्रास झाला. पोरं आईचं बोट धरून आमच्या गेटापाशी यायची आणि लांबून हात हलवायची. डोस हळूहळू कमी करायचा असतो, एकदम बंद करायचा नसतो. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी सोडू नका, हे मी इथे आवर्जून सांगतो.

डोस अगदी थोडा उरल्यावर मॅडमनी बालवाडीला परवानगी दिली. वंदना नवी साडी नेसून गेली. आणि त्याच आठवड्यात शिंकत घरी आली.

संध्याकाळी ताप. दिवेलागणीलाच. मी थर्मामीटर दोनदा लावून बघितला. वंदनाने बाही वर करून हात उजेडात धरला. आम्ही दोघांनी पुरळ शोधलं. नव्हतं. मी लगेच मॅडमना फोन केला. "सकाळी रक्त द्या आणि रिपोर्ट घेऊन या," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट माझ्या हातात पडला तेव्हा मी लॅबच्या पायरीवरच बसलो आणि सगळे आकडे शेजारी शेजारी लावले. प्लेटलेट्स ठीक. हिमोग्लोबिन ठीक. लिव्हर ठीक. फेरिटिन जागच्या जागी. एकटा ईएसआर रेंजच्या बाहेर, ठळक अक्षरात. थोडासाच वर.

मॅडमनी वंदनाचा घसा बघितला, छाती तपासली आणि रिपोर्ट खाली ठेवला. "सर्दी आहे. पोरांकडून आणलेली. शरीराने ती ओळखली, थोडा ताप काढला, आता आपली आपण थांबेल. असंच वागायला हवं त्याने. दोन दिवसांनी मला कळवा."

आणि ती थांबली. ज्या अंगात एक ताप थांबता थांबत नव्हता, तिथे एक साधी सर्दी आली, नाक गळवून गेली. सर्दी गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस नाशिकमध्ये दुसरा नसेल.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातून परत आल्यावर वंदना रुमाल घेऊन खुर्चीत बसली होती. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, चेहरा अजून गोलच. सलग तीन शिंका आल्या. मला हसू फुटलं आणि ते आवरेना.

सासूबाई आतून आल्या. "काय जावईबापू, पोर शिंकी राहिनी नि तुम्ही हासी राहिनात?"

वंदनाने रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पास का?"

 मी मान डोलावली आणि तिच्यासाठी पाणी गरम करायला ओट्याकडे गेलो.