हॉलमधल्या समुद्रातलं शेवाळ

बाळांनो,

तुम्ही डिसेंबरात येणार हे आता तिकिटांसकट पक्कं झालं आहे. आल्या आल्या बूटही न काढता हॉलमधल्या टाकीकडे धावाल आणि काचेला नाक लावाल, हेही पक्कंच आहे. त्या वेळी रडारड नको, म्हणून आधीच लिहून ठेवते. टाकीतलं काही गेलं आहे आणि काही राहिलं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि तुमचे आजोबा हा विषय निघाला की हवापाण्याकडे वळतात. ते का वळतात, हेही यात येईल.

समुद्रापासून इतक्या लांब, लातूरसारख्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी मांडणं ही तुमच्या बाबांची हौस. परदेशात नोकरी लागल्यावर ती आमच्या गळ्यात पडली. तुम्ही निघालात त्या आठवड्यात तुमच्यातल्या ताईनं केशरी बटणांसारख्या कोरलांचा, म्हणजे जिवंत प्रवाळांचा, एक छोटा तुकडा गोंदानं मधल्या दगडावर बसवला आणि मला बजावलं, "आजी, याला हात लावायचा नाही. हे माझं आहे." मी हात लावला नाही. बटणं वाढली, दगडाच्या कडेपर्यंत पसरली.

मग मागच्या उन्हाळ्यात शेवाळ आलं. आधी दगडांवर हिरवी मखमल दिसायला लागली. मला ती बरीसुद्धा वाटली. पण पुढे तिचे केस झाले, बोटाएवढे लांब, पाण्याच्या झोताबरोबर हलणारे. काच सकाळी पुसावी तर संध्याकाळी पुन्हा हिरवी. ताईची बटणं त्या केसांखाली गेली आणि एकेक करून मिटली. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा, जो तुमच्या बोटांवर चढायचा, तो एक दिवस मागच्या कोपऱ्यात मेलेला सापडला. जांभळ्या पंख्यासारखं कोरल झडून गेलं. ते तुम्हाला आता दिसणार नाही.

बाबांना मी टाकी व्हिडिओवर दाखवली.

"आई, राहू दे आता. तुम्हाला या वयात कशाला हा ताप? नांदेडच्या दुकानदाराला सांगतो, तो मासे घेऊन जाईल. पोरांना मी समजावतो."

"बरोबर आहे," आजोबा लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की मला ते आवडलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हा माणूस दुपारभर त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. शेवाळ वाढलं तशी त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली होती. टाकी गेली असती तर ती खुर्ची पुन्हा फिरली नसती, हे मला दिसत होतं.

मी दुकानदाराला स्वतः फोन केला. तो महिन्यातून एकदा लातूरला माल घेऊन येतो.

"काकू, या खेपेला उचलू का?"

"पुढच्या खेपेला या. तेव्हा टाकी बघा, मग उचला."

"तोवर जंगल होईल, काकू."

"तुम्ही या तर खरं."

बाटलीतलं शेवाळमार औषध घालायला मी तयार नव्हते. इंग्रजीत वाचायची सवय आहे, म्हणून दुपारी बसून या छंदातल्या लोकांचं लिखाण वाचत गेले. माणसं तिथेही एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. शेवाळाला खाणं मिळतं म्हणून ते वाढतं, आणि ते खाणं म्हणजे पाण्यात विरघळलेलं खतच. नांदेडला बहिणीकडे गेले तेव्हा दुकानातून तपासणीचं पाकीट आणलं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग कार्डाशी ताडून बघायचा; जितका लाल, तितकं खत जास्त. आमच्या नळीचा रंग कार्डावरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही लाल निघाला. खारेपणाही हवा त्यापेक्षा बराच जास्त होता.

माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. दिवा कमी वेळ लावायला सुरुवात केली. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन एकेक दगड त्यात धरला आणि जुन्या टूथब्रशनं केस ओढून काढले. ताईच्या दगडालाही हात लावला, त्याला इलाज नव्हता. थोडं पाणी बदललं. चार दिवस बरं दिसलं, मग नळी पुन्हा लाल. म्हणजे मी काढत होते आणि कुठून तरी आत येतच होतं.

तेव्हा मी जे जे टाकीत जातं त्याचीच तपासणी करायचं ठरवलं. त्या दिवशी रेणापूरचे तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, तूरडाळ घेऊन आले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं नळ्या मांडलेल्या बघून ते दारातच थांबले.

"वहिनी, हे काय करून राहिल्या? दवाखाना काढला का घरात?"

"टाकीचं पाणी तपासते आहे."

"त्या टाकीत आता मासे कमी अन् मेथी जास्त हाय. दोन जुड्या बांधून द्या, बाजारात बसतो."

मी टाकीचं मीठ शुद्ध पाण्यात कालवून तपासलं, ते स्वच्छ. खाणं भिजवून तपासलं, तेही फारसं वाईट नाही. मग बाल्कनीतला तो कॅन आणला, ज्यातून आजोबा रोज टाकीत पाण्याची भर घालत. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडून जातं, म्हणून ही भर. थेंब टाकले आणि नळी बघता बघता लालभडक झाली.

"अहो, जरा इकडे या. हा कॅन तुम्ही यंत्राच्या कुठल्या नळीखाली भरता?"

आजोबा काठी टेकत आले. इथे तुम्हाला यंत्राचं सांगायला हवं. बाबांनी टाकीसाठी बाल्कनीत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आहे. त्याला दोन नळ्या आहेत. एकीतून अगदी शुद्ध पाणी थेंबथेंब येतं. दुसरीतून त्याच्या कितीतरी पट पाणी बाहेर पडतं, ते टाकाऊ. बोअरच्या पाण्यातला सगळा क्षार आणि रानातून झिरपलेलं खत त्यात गोळा झालेलं असतं. पण ज्या गावानं पिण्याचं पाणी रेल्वेनं येताना बघितलं आहे, त्या गावात कुठलंही पाणी टाकाऊ म्हणून मोरीत सोडायला हात धजत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर त्या दुसऱ्या नळीखाली पिंप असतं, आमच्याकडेही आहे. फरशीला, संडासाला तेच वापरतो.

"पिंपातूनच भरतो," आजोबा शांतपणे म्हणाले. "शुद्ध पाणी गोडं, पिंपातलं खारट. मी चव घेऊन बघितली. टाकी खाऱ्या पाण्याची, मासे खाऱ्या पाण्यातले. त्यांना गोडं पाणी कशाला? गोडं पाणी आपण चहाला वापरतो."

मी दिराकडे बघितलं, दिरांनी भावाकडे.

"म्हणजे उन्हाळाभर चहा त्या मशीनच्या पाण्याचा?" मी विचारलं.

"चांगला होतो की. तूच म्हणाली होतीस."

दीर हसता हसता ओट्याला टेकले. "दादा, जन्मभर शेती खात्यात बसून आमच्या माती-पाण्याचे रिपोर्ट वाचले. युरिया कमी टाका, युरिया कमी टाका म्हणून आमचे कान किटवले. अन् घरच्या समुद्राला रोज तांब्यानं खत घातलं!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी ती लाल नळी हातात घेतली, उजेडात धरली आणि कार्डाशी पुन्हा पुन्हा ताडून बघितली. मग म्हणाले, "पाणी उडतं तेव्हा मीठ उडत नाही. म्हणजे भर गोड्याच पाण्याची हवी. हे मला सुचायला हवं होतं." एवढंच. त्या संध्याकाळी खुर्ची खिडकीकडून टाकीकडे आली, आणि त्यापुढची तपासणी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

दिरांना मात्र एक गोष्ट पटत नव्हती. "वहिनी, माणसाला आठ-आठ दिवस नळ न्हाई, अन् तुम्ही माशांसाठी पाणी गाळून राहिल्या." प्रश्न रास्त होता. मी त्यांना पिंप दाखवलं. यंत्रातून निघालेला थेंबही मोरीत जात नाही. टाकीला शुद्ध पाणी जितकं लागतं तितकंच गाळायचं, आणि पिंप भरलं की यंत्र बंद, असा आमचा नियम आहे. फरशी पुसायला पाणी लागतंच, ते आधी गाळून निघालेलं असलं तर कुणाचं काय गेलं? एवढं त्यांना पटलं, पण पुढचं नाही.

कारण मी शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या होत्या आणि दुकानदारानं त्या प्लास्टिकच्या पिशवीत बसनं पाठवल्या. समुद्रातल्या, टोकदार शंखाच्या. पिशवी बघून दिरांनी कपाळावर हात मारला.

"इकत? गोगलगायी इकत? आमच्या सोयाबीनवर या, पोतं भरून फुकट न्या म्हणावं. पहाटे उठून वेचतो अन् मिठाच्या पाण्यात टाकून मारतो आम्ही. अन् हे मिठाच्या पाण्यातच पाळून राहिले!"

"भाऊजी, या तुमच्यातल्या नव्हेत."

"हाव, शिकलेल्या असतील."

आम्ही घाई केली नाही. खारेपणा एकदम उतरवला असता तर उरलेलंही गेलं असतं. शुद्ध पाण्यात मीठ कालवून, थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. आजोबा नळीचा रंग बघत आणि मी टूथब्रश चालवत. लाल रंग गुलाबी झाला, गुलाबी फिका झाला. केस आधी मऊ पडले, मग पांढुरके झाले, आणि ओढले की मुळासकट हातात यायला लागले. गोगलगायींनी काचेवर वळणावळणाच्या स्वच्छ वाटा काढल्या. चहा पुन्हा नळाच्या पाण्याचा झाला. खरं सांगायचं तर आधीचा चांगला होता.

दुकानदार ठरल्याप्रमाणे आला. बरोबर झाकणाच्या दोन बादल्या आणि जाळी. त्यानं टाकीला एक फेरी घातली, वाकून मधला दगड बघितला.

"काकू, औषध कुठलं घातलं?"

"काही घातलं नाही. घालत होतो ते बंद केलं," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

तो चहा पिऊन रिकाम्या बादल्या घेऊन मुदखेडच्या गिऱ्हाइकाकडे गेला. मी बाबांना फोन करून सांगितलं की टाकी इथेच राहील.

झिंगा नाही, जांभळं कोरल नाही. मागच्या दगडाच्या सावलीत थोडं हिरवं अजून आहे, आणि ते थोडं राहणारच. नारिंगी माशांची जोडी जिवंत आहे, तीच जुनी. ताईच्या बटणांपैकी निम्मी गेली, निम्मी उघडली आहेत.